पूर्ण एक मिनिट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी आमची ड्युटी बीडच्या एका रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात होती. सकाळी आठला प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर लिहायचे. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते. श्वासासाठी मात्र पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत थांबावे लागते. वॉर्डात तीस खाटा होत्या. आम्ही विद्यार्थिनी श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना वीस लिहायचो. वीस हा आकडा कुणाला खटकत नाही.

त्या हिवाळ्यात चौदा नंबरच्या खाटेवर केजकडची एक बाई होती. न्यूमोनिया. मुलगा आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. शेजाऱ्याने जीपमधून आणून तिला भरती केले आणि तो परत गेला. नंतर तिला भेटायला कोणी आले नाही. माझे आईवडीलही तोडणीवरच होते. आठवड्यातून एकदा फोन लागायचा. हे मी तिला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी माझा तक्ता पाहिला आणि त्या चौदा नंबरजवळ घड्याळ धरून उभ्या राहिल्या. छत्तीस भरले.

"तू किती लिहिलेस?"

"वीस."

"खाट रिकामी असली तरी तू वीसच लिहिशील."

दोघीतिघी हसल्या. त्यांच्या तक्त्यांवरही वीसच होते.

डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला. सिस्टरनी माझी प्रात्यक्षिकाची वही ठेवून घेतली. तिच्यात सगळ्या सह्या नसतील तर परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षेशिवाय परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही.

"आठवडाभर ड्युटीत दर तासाला हिचा श्वास मोजायचा. शेवटच्या दिवशी मी मोजेन. आकडा जुळला तर सही."

श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचे नसते. कळले की तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही आणि नजर छातीवर ठेवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, हात धरून बसली आहे.

छत्तीसचे बत्तीस झाले, बत्तीसचे अठ्ठावीस. ऑक्सिजन काढला, ताप उतरला. आकडा अठ्ठावीसवर थांबला.

"कावून गं, लगेच उठलीस?" मिनिट संपले की ती विचारायची.

"काम आहे मावशी."

"काम मलाबी लई हुतं. इथं पडल्यावर कुठं गेलं?"

रविवारी होस्टेलमधल्या मुली गावी गेल्या. मला सुट्टी होती. तरी मी वॉर्डात गेले, तीनदा मोजून आले आणि मेसमध्ये एकटी जेवले.

सातव्या दिवशी मी सिस्टरना अठ्ठावीस सांगितले. त्यांनी शेजारच्या खाटेच्या पडद्याआडून मोजले. वीस.

"परत न मोजताच आकडा सांगितलास?"

"नाही सिस्टर. आत्ताच मोजलेत."

"मग जा, माझ्यासमोर मोज."

मी बसून मनगट धरले. बाईची छाती भराभर वरखाली होऊ लागली. सिस्टर पडद्याबाहेर आल्या.

"मावशी, हे काय चाललंय?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "डागदर म्हनले, दम बसला की सुट्टी. घरी जाऊन करू काय? कुलूप हाय तिथं. इथं ही पोरगी येती तरी, हात धरती."

सिस्टरनी खिशातून पेन काढले. मग तक्ता आणि पेन माझ्या हातात दिले.

"लिही. तुझा आकडा तू लिही."

अठ्ठावीस मी मोजलेले होते. ते लिहिले असते तर डॉक्टरांनी तिला आणखी दोन दिवस ठेवले असते, आणि दर तासाला मी तिथे बसले असते. मी वीस लिहिले.

सिस्टरनी वहीत सही केली.

बाराच्या सुमारास बाईला सुट्टी मिळाली. औषधांची पिशवी मी तिला समजावून दिली. तिने ऐकले, पदर सारखा केला.

"आता कुनाचा मोजशील?"

"पंधरा नंबरचा."

"मोज. नीट मोज," ती म्हणाली आणि केजच्या जीपसाठी एकटीच निघाली.

एक वाजता मी सवयीने चौदा नंबरजवळ गेले. चादर बदललेली होती. तिच्या तक्त्याची जागा रिकामी होती. मी पुढच्या खाटेवर बसले, मनगट धरले आणि घड्याळ पाहिले.