न टेकवलेला मेणा

मारोतीबा भोई बाजारातून एकटा येत असला तरी वाट बोलत यायचा. "दगूड हाये उजवीकडं. चिखल. जपून." मागे कोणी नसायचं. आम्ही बहिणी हसायचो, मग तोही हसायचा. जन्मभर मेण्याच्या पुढच्या दांडीला खांदा दिलेला माणूस तो. "मागच्याला निस्ती पेटी दिसती, बाई," तो सांगायचा. "त्याचे डोळे म्हंजे म्या."

आमचं गाव अंबडच्या बाजूला. निजामाच्या त्या राज्यात आमच्या घरच्या बायका गावाबाहेर जायच्या त्या पडद्याच्या मेण्यातूनच. मारोतीबाचे आठ भोई. चौघे वाहत, चौघे सोबत चालत, आणि चालता चालताच खांदे बदलत. भरला मेणा मुक्कामाआधी जमिनीला टेकवायचा नाही, ही त्यांची इज्जत. मारोतीबाला तिची भारी घमेंड होती.

माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणानंतर तापाने फणफणली. बैलगाडीचे हिसके तिला सोसेनात, म्हणून जालन्याच्या डॉक्टरकडे मेण्यातून न्यायचं ठरलं. वडील घोड्यावरून पुढे गेले. चैत्राचं ऊन होतं. दुधना ओलांडल्यावर अक्काने पडद्याआडून पाणी मागितलं. जालना आलंच, असं म्हणून मारोतीबाने भोयांना चाल वाढवायला लावली. तिने पुन्हा मागितलं. त्याने आणखी घाई केली. नंतर आतून आवाज आला नाही. डॉक्टरच्या दारात वडिलांनी पडदा सारला, तेव्हा अक्का गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी मारोतीबा आमच्या ओट्याखाली येऊन बसला. तापच वाईट होता, तुझा दोष नाही, असं आईने त्याला सांगितलं.

"ताप व्हता, माय," तो म्हणाला. "पर तिनं पाणी मागितलं, अन् म्या पाय उचलले."

आई उठून आत गेली. मला मात्र त्याचा राग आला, आणि तो कितीतरी दिवस गेला नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. सासरी नेणारा मेणा मारोतीबाचाच. मी आत ओठ आवळून बसले होते. वाटेतल्या पहिल्याच विहिरीपाशी मेणा जमिनीला टेकला आणि पडद्याच्या फटीतून पाण्याचा तांब्या आत आला. पुढच्या विहिरीपाशी पुन्हा तेच. सासरची माणसं कुरकुरू लागली, हे कसले भोई म्हणाली. बाकीचे भोई शरमेने माना खाली घालून उभे राहिले. मारोतीबाने पुन्हा पुढची दांडी खांद्यावर घेतली. वाटेत सात विहिरी लागल्या. मला तहान नव्हती, तरी मी प्रत्येक वेळी प्यायले.