फिकट धूळ

गाडी गॅरेजच्या दारात थांबली की ते बॉनेटकडे बघायचे नाहीत, मालकाकडे तर मुळीच नाही. वाकून पुढच्या चाकाच्या पोटात तर्जनी घालायचे, आतल्या कडेवरून एकदा फिरवायचे आणि काळं झालेलं बोट मालकाच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "हे तुमचं चारित्र्य."

मग हसायचे. मालक हसला नाही तरी त्यांचं काही अडायचं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतो, झिजतो आणि त्याची काळी भुकटी चाकावर बसते. जो माणूस पुढचं बघून सावकाश चालवतो त्याच्या चाकावर ती कमी दिसते. जो आधी सुसाट जातो आणि मग करकचून दाबतो त्याची चाकं आठवड्यात कोळशासारखी होतात. चाक बाहेरून धुऊन आणलं तरी आतल्या कडेला भुकटी राहतेच, म्हणून त्यांचं बोट थेट आत जायचं.

नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. फक्त ब्रेकचं काम. आख्खी पेठ त्यांना 'ब्रेकवाले' म्हणायची. माझं नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांचा माल माझ्याकडून जायचा, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी मी त्या बोळात असायचो. वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "अहो दुकानदार" एवढंच. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. हाताला तोड नाही आणि जिभेला हाड नाही.

नव्या गाड्या आल्या, कंपन्या आल्या, संगणकवाली पोरं पंचविशीत गाडी घ्यायला लागली, तसा ब्रेकवाल्यांच्या जिभेला रोजचा खुराक मिळाला. ही पोरं गाडीला चकचकीत अलॉय चाकं लावायची आणि ती काळी पडली की रडत यायची. असाच एक जण आला. म्हणाला, "काका, व्हील्स एकदम डर्टी होतात. लो डस्ट पॅड्स आहेत का?"

"चाकं काळी होतात म्हणजे ब्रेक लागतायत," ते म्हणाले. "स्वच्छ राहिली तर कळवा. हार घेऊन येतो."

पोराला ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

कमी धुळीचे पॅड तेव्हा नुकतेच माझ्या दुकानात येऊ लागले होते. सिरॅमिकचे. त्यांची भुकटी कमी पडते, आणि जी पडते ती फिकट, राखेच्या रंगाची, चाकाला चिकटत नाही. मी एक जोडी मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेली. त्यांनी पॅड हातात घेतला, नखाने खरवडला, वास घेतला.

"पकड कशी आहे?"

"चांगली आहे. फक्त थंड असताना थोडी—"

"थोडी काय? समोर म्हातारी आली तर तिला सांगायचं का, थांबा, पॅड गरम होतोय?" त्यांनी पॅड खोक्यात टाकला. "चाक स्वच्छ हवं असेल तर फडकं घ्या म्हणावं. ब्रेकला पावडर लावायला शिकवू नका."

चाकं धुण्याचे त्यांचे नियम होते आणि ते न पाळणाऱ्याची ते सालटी काढायचे. चाक आधी गार होऊ द्यायचं, तापल्या चाकावर पाणी मारायचं नाही. आधी चाकं, मग गाडी. चाकांची बादली वेगळी, फडकं वेगळं. एका प्राध्यापकांनी एकाच फडक्याने चाक पुसून पुढे दार पुसायला घेतलं, तर हे म्हणाले, "घरी पायपुसण्याने तोंड पुसता का सर?" प्राध्यापकांच्या पत्नी गाडीत बसलेल्या होत्या. त्यांच्या देखत म्हणाले. कोणी बघत असल्याशिवाय त्यांना सुचायचंच नाही.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी पहिली गाडी घेतली, बायकोला आणि सासऱ्यांना बसवून मिरवत त्यांच्याकडे नेली. बोट आत गेलं, बाहेर आलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ते माझ्या बायकोला दाखवलं. "वहिनी, हे घरात आवाज चढवत नाहीत ना? सगळा राग पायात उतरतो यांचा. जपून राहा."

मी हसण्यावारी नेणार तोच बायको शांतपणे म्हणाली, "खरं आहे." सासरे खिडकीतून बाहेर बघू लागले. त्या दिवसापासून ब्रेकवाल्यांचं एकदा तरी नाक कापावं असं मला मनापासून वाटत होतं. हे मी आज लपवत नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्यांना एकच मुलगी. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं आणि उत्तम वाढवलं. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. बापासारखी हुशार, पण बोलण्यात गोड. मला काका म्हणायची. एका रविवारी तिने ऑफिसातला एक मुलगा गॅरेजवर आणला. लग्न करायचं म्हणत होती. मी तिथे माल उतरवत होतो.

मुलगा अमरावतीकडचा, सावळा, लाजरा. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. ब्रेकवाल्यांनी त्याच्या नमस्काराला मान हलवली आणि सरळ चाकाशी वाकले. बोट काळंकुट्ट निघालं.

"बाबा, तो वाघोलीहून येतो रोज," मुलगी म्हणाली. "तो रस्ता बघितलाय का तुम्ही?"

"हो ना जी, काका," मुलगा म्हणाला. "त्या रोडवर ब्रेकवरचा पायच उठत नाही."

"ना जी," ब्रेकवाले म्हणाले. नुसतं तेवढं. मग विचारलं, "रुमाल आहे?"

मुलाने खिशातून रुमाल काढून दिला. त्यांनी बोट त्याला पुसलं, सावकाश, दोन्ही बाजूंनी, रुमालाची नीट घडी घातली आणि त्याला परत दिला. "जे पाच मिनिटांच्या पुढचं बघून गाडी चालवत नाहीत ते पन्नास वर्षांचा संसार काय चालवणार? या आता."

मुलाने रुमाल खिशात ठेवला. मुलीचा चेहरा मी बघितला आणि खोकी उचलून आत गेलो. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, त्यांना धूळ खुपली नव्हती. 'जी' खुपला होता. वाघोलीच्या रस्त्याने येणाऱ्या देवाची चाकंही काळी निघतील हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

मुलगा परत आला नाही. त्याचे आईवडील गावाहून येणार होते, तेही आले नाहीत. काही महिन्यांनी तो बंगळूरला गेला असं कानावर आलं.

वर्षभराने पेठेतल्याच ओळखीतून दुसरं स्थळ आलं. कोथरूडला बंगला, वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, आई गाणं शिकवायची, बोलणं शुद्ध तुपातलं. बोटाची कीर्ती तोवर सगळीकडे झालेली होती. बघायला जायच्या चार दिवस आधी तो मुलगा माझ्या दुकानासमोर गाडी लावून उभा.

"नारायण पेठेत एका ब्रेकवाल्यांकडे जायचंय रविवारी," तो म्हणाला. "ते चाकं चेक करतात म्हणे. काहीतरी करा."

गाडी लावताना एक हातगाडीवाला त्याच्या आड आला होता. हा खाली उतरला आणि त्याने हातगाडीला अशी लाथ घातली की वरचे पेरू रस्त्यावर सांडले. मी ते काउंटरवरून बघितलं होतं. त्याची चाकं आम्ही दुकानासमोर फूटपाथवरच काढली. वर्षभरातच पॅड पत्र्यापर्यंत संपलेले. डिस्कवर निळे डाग. ब्रेक सारखा करकचून मारून डिस्क तापली की असे डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. या धंद्यातल्या माणसाला त्याहून जास्त काही बघावं लागत नाही.

मी त्याला सिरॅमिकचे पॅड बसवून दिले. चाकं काढलेलीच होती, तर आतल्या कडा माझ्या हाताने ब्रशने घासल्या, कोरड्या केल्या आणि मेणाचा हात मारला, म्हणजे चार दिवसांत काही धरणार नाही. घासताना मला आनंद होत होता. म्हातारा पहिल्यांदा फसणार आणि ते मला एकट्याला ठाऊक असणार. मुलीचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि मी घासत राहिलो.

रविवारी बोट जवळजवळ स्वच्छ निघालं. ब्रेकवाले बोटाकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वा. आत या."

लग्नाची पत्रिका द्यायला मुलगी स्वतः माझ्या दुकानात आली. मी विचारलं, "तुला आवडला ना गं?" ती म्हणाली, "बाबांना चाकं आवडली, काका. मला आता कोणीही चालेल." ती पाचेक मिनिटं उभी होती. मला बोलता आलं असतं. दुकानात तेव्हा गिऱ्हाईकही नव्हतं. मी पत्रिकेला हळदकुंकू लावलंय का ते बघितलं आणि "नक्की येतो" म्हणालो.

दीड वर्षाच्या आत ती परत आली. डाव्या मनगटाला प्लास्टर. बाथरूममध्ये पाय घसरला असं पेठेत सांगितलं गेलं. कुणी जास्त विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ब्रेकवाल्यांनी गॅरेज बंद केलं. गुडघे गेले असं म्हणायचे. जिना उतरेनासे झाले आणि लोकांना टोचून बोलायचेही थांबले, तेव्हा बोळातली माणसं म्हणाली, बरं झालं, जिरली. मी तसं म्हणालो नाही. मला झोप लागत नव्हती.

शेवटी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. मुलगी आत चहा करत होती. मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, की ते पॅड मी बसवले होते, चाकं मी घासली होती, तुम्हाला फसवलं ते मी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडावर कीव कधी बघितली नव्हती.

"अहो दुकानदार," ते म्हणाले, "चाळीस वर्षं ब्रेक करतोय मी. फिकट धूळ मला ओळखता येत नाही? आणि डिस्क? ती कुठल्या पावडरीने लपवणार होतात?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"घर चांगलं होतं," ते म्हणाले.

मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, ते कळलं नाही. तिने ट्रे टेबलावर ठेवला. आवाज अजिबात चढला नाही.

"काका, तुम्हालाही माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे मलाच तेवढं माहीत नव्हतं."

तिने पहिला कप मला दिला, दुसरा त्यांना दिला, आणि आत जाऊन कपाटातून बॅग काढली. आम्ही दोघं चहा हातात धरून बसलो. ती जिना उतरून गेली तेव्हा माझा चहा तसाच होता. त्यांनी मात्र संपवला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

ती वाघोलीला भाड्याने राहू लागली, पुढे स्वतःची गाडी घेतली. दर रविवारी बापाची औषधं आणायची, तळमजल्यावर शेजाऱ्यांकडे द्यायची आणि परत जायची. वर यायची नाही. एकदा त्यांनी मला गळ घातली, "तिला सांगा, एकदा मला खडकवासल्यापर्यंत ने. बोलणार नाही मी काही. मागे बसेन." मी फोन केला. ती "नाही" म्हणाली आणि मी पुढे काही म्हणण्याची वाट बघत थांबली. मी फोन ठेवला.

त्यांना मी सांगितलं की ती कामात आहे.

"नाही म्हणाली ना?"

"हो."

"बरं."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून नऊच्या आधी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी अनेकदा सोबतीला बसलो. खाली गाडी यायची, दार उघडायचं, लागायचं, पुन्हा उघडायचं. तिसऱ्या मजल्यावरून छप्पर तेवढं दिसायचं, पांढरं. ते बोळाच्या तोंडाशी वळून दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघंही बघत राहायचो. मग ते म्हणायचे, "छान वळवते," आणि भिंत धरून आत जायचे.

ते शनिवारी रात्री उशिरा गेले. तिला मी फोन करून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी होतो. नऊला खाली गाडीचं दार उघडलं आणि लागलं. त्यानंतर जिन्यावर पावलं वाजली.