दाखवण्यापुरत्या लेन्स

चष्म्यापायी मला तीन ठिकाणांहून नकार आला होता. तिसऱ्यांनी तर पोस्टकार्डावर लिहिलं, मुलगी चांगली आहे, पण उद्या मुलंही आंधळी निपजायची. आईने ते कार्ड मला मोठ्याने वाचून दाखवलं.

मी सव्वीस वर्षांची, चिंचवडच्या एका कंपनीत ड्रॉइंग ट्रेस करत होते. आणि मला लग्न करायचं होतं. घरच्यांनी लादलं वगैरे काही नाही. दोन खोल्यांत सहा माणसं, धाकट्या बहिणीचं माझ्यामुळे अडलेलं, त्यात आईचं रोजचं तोंड. मला तिथून सुटायचं होतं, बस.

लेन्स आदल्या वर्षीच घेतल्या होत्या, त्या वेळच्या टणक. कारखान्यात प्रिंट द्यायला गेलं की ग्राइंडिंगची धूळ उडायची, आणि एखादा कण लेन्सखाली शिरला की डोळ्यात मिरची गेल्यासारखं व्हायचं. दोन महिन्यांत मी त्या डबीत टाकल्या. परत घालायच्या तर पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं हळूहळू वाढवा, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चौथं स्थळ देहूरोडचं, आणि शनिवारी निरोप आला की उद्याच येतो. हळूहळू कसलं डोंबलाचं!

सकाळी दहाला घातल्या. पाहुणे अकराला येणार होते, आले तीनला. मध्ये थोडा वेळ काढते म्हटलं, तर आई म्हणाली, परत जमल्या नाहीत तर काय चष्म्यात बसवू तुला? पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा डोळे लालभडक, गालांवर धारा. नवऱ्या मुलाचा चष्मा माझ्यापेक्षा जाड होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

त्याच्या आईने मला निरखलं आणि विचारलं, मुलगी रडलीय का, तिच्या मनात दुसरं कुणी आहे का? कंपनीत जाणारी मुलगी म्हटली की लोकांना हेच आधी सुचायचं. माझी आई गडबडली आणि बोलून गेली, "तसं काही नाही हो. हिचे सख्खे काका वारले काल."

काका चाकणला ठणठणीत होते. वडिलांनी मान खाली घातली. मुलाच्या वडिलांनी अर्धी खाल्लेली बशी जमिनीवर ठेवली.

"सुतकात खायला घालता आम्हाला?"

सगळे उठले, घरी जाऊन आधी आंघोळी करायला. खरं सांगितलं तर चष्मा उघडा पडणार, म्हणून आई नुसती हात जोडत दारापर्यंत गेली. चपला घालताना मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, किळस आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या बुबुळावर जखम आहे. पट्टी बांधली. आता लेन्सचं नाव काढायचं नाही, म्हणाले, नाहीतर डोळा जाईल.

"लग्न ठरेपर्यंत तरी?" आईने विचारलं.

डॉक्टर तिच्यावर भडकले. तुम्ही आई आहात की कोण, इथपासून सुरुवात केली. आई पदराची कड बोटाला गुंडाळत उभी होती. मला तिचा राग यायला हवा होता, निदान दया तरी. काहीच आलं नाही. मी डॉक्टरांना मध्येच थांबवलं.

"पट्टी कधी सुटेल तेवढं सांगा," मी म्हटलं. "लेन्स मी घालीन."