बाद पट्टी

डेंगीच्या तपासणीच्या पट्ट्यांचे सागवानी नमुने, त्यांवर लाल दोऱ्याच्या रेषा, वर काचेचं झाकण. शिकवण्याचा हा संच मी माझ्या हातांनी केला. शिक्षण दहावी, बाकी वाचून वाचून.

आज राजापेठेतल्या लॅब टेक्निशियन क्लासचे सर म्हणाले, "काका, कंट्रोलची रेषा नसलेली पट्टी काहून ठेवता? पोरं गोंधळून राहिले. काढा तिले."

ती रेषा उमटली नाही, तर तपासणीच बाद असते.

त्यांचीच विद्यार्थिनी नाझिया मागून बोलली, "राहू द्या सर. परवा अकोल्याच्या लॅबमध्ये मी एका पेशंटची अशीच पट्टी निगेटिव्ह लिहून राहिली होती. काकांची आठवली, दुसरी लावली, तर पॉझिटिव्ह!"

सर ऐकेनात. त्या पट्टीशिवाय पन्नास संच द्या, पंचवीस हजार रुपये देतो, म्हणाले. मी नाही म्हटलं.