पोळ्याचं वार्निश

दुकानदाराने डबा उघडला आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात त्या लाल वार्निशचा वास आला. माझ्या लहानपणी एका वर्षी कापसाचं काही खरं नव्हतं. शेजाऱ्यांनी पोळ्याआधीच बैलजोडी विकली आणि आणून ठेवलेला वार्निशचा डबा बाबांना दिला. बाबा दारव्ह्याच्या छोट्या रेल्वेगाडीचे ड्रायव्हर होते. त्यांचं वाफेचं इंजिन भंगारात निघालं होतं. ऐन पोळ्याला ते मला शेडमध्ये घेऊन गेले आणि त्या काळ्याकुट्ट इंजिनाच्या तोंडाभोवती लाल पट्टा ओढू लागले. मी कॅलेंडरवर टोकदार नाकाचं निळं इंजिन पाहिलं होतं. विचारलं, "बाबा, आपल्या इंजिनाले तसं नाक काहून नाही?" "ते वारा कापाले असते. आपल्याले कापूस वाहाचा हाये, घाई कायले?" तेवढ्यात आमचं इंजिन ओढून न्यायला डिझेल इंजिन आलं. "आज नोका जुंपू," बाबा म्हणाले, "पोळ्याले जुंपत नसतात." साखळी लावणारा हसला. बाबा हसले नाहीत. इंजिन गेलं. बाबांच्या तळहाताला ओला रंग होता, मी रॉकेलचा बोळा पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे." आज मी दुकानातला तो डबा विकत घेतला. घरी रंगवण्यासारखं काहीच नाही.