मावशीनं लावलेला दंड

माझ्या लेकीचं, सुमनचं डोकं तिच्या सासूनं जळत्या मिरच्यांच्या धुरावर दाबून धरलं होतं. बाळंत होऊन दहा दिवस झालेली पोर. झोप नाही, अन्न नाही. "ही पोर माझी नाय" म्हणत तान्हीला घेऊन विहिरीकडे निघाली होती. सासूच्या मते भूत. मी पेणहून रोह्याजवळच्या त्या गावात पोचले तेव्हा दोन्ही जावांनी तिचे हात धरले होते, आणि मला कोणी जवळ जाऊ देईना.

तेवढ्यात मावशी आली. सासूनंच बोलावलेली, गावची भगतीण; सगळा गाव तिला मावशीच म्हणे. सुपात तांदूळ टाकून देवीला विचारायची. तिचा शब्द त्या घरात कोणी मोडत नसे. तिनं मिरच्यांचं घमेलं लाथेनं उलथवलं.

"मिरची कालवणात घाल गो. बाळंतिणीच्या नाकात नाय."

मावशी अंगारा द्यायची आणि रोह्याच्या वेड्यांच्या डॉक्टरकडेही पाठवायची. "अंगारा घरच्यांसाठी, गोळी आजाऱ्यासाठी," म्हणायची. सख्ख्या भावाला तिनं तीन वर्षं नुसता अंगारा दिला होता. तो कुंडलिका नदीत मेलेला सापडला.

तांदूळ मांडण्याआधी ती मागच्या दारी पाय धुवायला गेली. मी मागोमाग गेले. म्हटलं, देवीच्या तोंडून विहीणबाईंनाही मिरचीची धुरी सांग.

"धुरी कुणालाच नाय. पण चालवते तिला."

मग सुपावर वाकून तिनं देवीचा हुकूम सांगितला. डॉक्टर थांबवेपर्यंत सासूनं स्वतःच्या हातानं सुनेला गोळी द्यायची. दर खेपेला सुनेला नवऱ्यासोबत रिक्षानं पाठवायचं आणि आपण दवाखान्यापर्यंत अनवाणी चालत जायचं. माझं कोणी ऐकलं नसतं, डॉक्टरचंही नाही. देवीचं ऐकलं.

तासाभराची वाट. वैशाखात डांबर मऊ व्हायचं. मी मुद्दाम पेणहून जायची आणि नवी चप्पल घालून विहीणबाईंच्या मागून चालायची. डॉक्टरांनी एकदा त्यांच्या तळपायाचे फोड पाहिले आणि चप्पल घाला म्हणाले. बाई म्हणाल्या, देवीला विचारावं लागेल.

मावशीनं मला विचारलं, "पुरं झालं का तुझं?"

मी नाही म्हटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर तिनं मला न विचारता चालणं माफ केलं. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. गोळ्या मात्र दीड वर्ष सासूच्याच हातून गेल्या.

मावशी गेल्या वर्षी वारली. मयतीला विहीणबाई भेटल्या. मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चप्पल होती. त्या बोलल्या, मी बोलले नाही.

सुमन जगली. तिची मुलगी चौथीत आहे.