न्यूट्रलचं ॲव्हरेज

पसरणी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर महादेवरावांनी गिअर काढला. गाडी न्यूट्रलला आली आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "आता पार वाईपत्तोर नुसता पाय ब्रेकवर. डिझेल जाळायचं कामच न्हाई. बावीसचं ॲव्हरेज उगं पडत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. मागच्या सीटवर प्रतिभाताई होत्या. गाडी त्यांना घ्यायची होती. ती घ्यावी की नाही, हे सांगायला त्यांनी मला बोलावलं होतं.

जुन्या गाड्या तपासणं हा माझा व्यवसाय. वडिलांचं कराडला सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ऑटोमोबाईलची माझी डिग्री वडिलांनी दुकानात, पंक्चर काढायच्या टबाच्या वर खिळा मारून लावली. ती अजून तिथंच आहे. तरीही निम्मी गिऱ्हाइकं फोनवर विचारतात, "सर कधी येणार?" सर मीच, असं सांगते आणि वेळेवर जाते.

प्रतिभाताई कडेगावच्या. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. त्यांची बदली साताऱ्याला झाली होती. नवरा, विलासराव, फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन आले आणि दोन वर्षांत अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं चार शब्दांवर आलं. दिवसभर सासूबाई बघायच्या. पण विलासरावांना उठवणं, कूस बदलणं, रात्रीचं जेवण भरवणं हे म्हाताऱ्या माणसाच्या हातचं काम नव्हतं. एसटीनं कराडला बस बदलून घरी पोचायला ताईंना फार उशीर व्हायचा. साताऱ्यात खोली घेतली तर विलासरावांचं कोण करणार, आणि नोकरी सोडली तर घर कशावर चालणार? म्हणून गाडी. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर, त्यातलं बरंचसं हायवेवर. एवढ्या रनिंगला जुनी डिझेल गाडीच परवडते. नवीन त्यांच्या आवाक्यात नव्हती.

पाचगणीचे महादेवराव हे विलासरावांचे फौजेतले दोस्त. एकाच ताफ्यात ट्रक चालवलेले. आता ते हॉस्टेलच्या पोरांना सुट्टीला पुण्या-साताऱ्याला सोडायचे, टुरिस्ट फिरवायचे, तेही सीझनपुरतं. त्यांना मोठी गाडी घ्यायची होती, म्हणून ही काढायची. कडेगावला येऊन त्यांनी सांगितलं, "ईलास, बाहेर दिऊ कशाला? वैनींनाच देतो." विलासराव म्हणाले, "घेऊ." पेढा वाटून झाला. आमच्याकडं तोंडात पेढा गेला की व्यवहार झाला. नंतर नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं.

तरी ताईंनी मला बोलावलं. फोनवर म्हणाल्या, "मी वर्षापूर्वी गाडी शिकले. मला त्यातलं काही कळत नाही. ह्यांना कळायचं, पण आता ह्यांना खाली वाकून बघता येत नाही."

पाचगणीला मी गाडी नेहमीसारखी बघितली. इंजिन थंड असतानाच आले होते, कारण गरम इंजिन कुणाचंही चांगलं सुरू होतं. किल्ली फिरवताच सुरू झाली. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं. आतून फकाफका धूर आला तर पिस्टन झिजलेत असं समजायचं. इथं काही नव्हतं. पत्रा सरळ. किलोमीटर कमी. बॉनेटखाली देव्हाऱ्यासारखी स्वच्छता. महादेवराव हात मागं बांधून उभे होते.

"काय चूक निघाली का, मॅडम?"

"अजून नाही."

"अजून न्हाई म्हंजे काढायचीच हाय जणू."

"त्याचेच पैसे घेते मी."

ते हसले. मी म्हणाले, आता तुम्हीच चालवा, वाईपर्यंत जाऊ. मालक कसा चालवतो हे बघितल्याशिवाय मी रिपोर्ट देत नाही.

तर, न्यूट्रल. न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाकं यांची फारकत. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच तिला मागून धरून ठेवतं. न्यूट्रलला काढली की सगळा भार ब्रेकवर येतो. घाटाच्या मधोमध वळणावर समोरून एसटी आली. महादेवरावांनी ब्रेक दाबला. पाय खाली गेला. त्यांनी तो उचलला, पुन्हा दाबला, गाडी थांबली. एसटी निघून गेली. ते पाचगणीच्या स्ट्रॉबेरीबद्दल सांगत होते, ते वाक्य त्यांनी मध्ये तोडलंसुद्धा नाही.

"आत्ता काय केलंत?" मी विचारलं.

"कुठं काय केलं?"

"ब्रेक दोनदा दाबलात."

"व्हय?" त्यांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं. "आवं, ती जरा गरम झाली की पयल्यांदा मऊ लागती. दुसऱ्यांदा बराबर धरती. गाडीची सवय झाली की कळत बी न्हाई."

"दुसऱ्या गिअरमध्ये घ्या. पुढं जागा रुंद आहे तिथं थांबवा."

खाली उतरल्यावर वास आला, जळक्या रबरासारखा. बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन मी पुढच्या चाकाच्या डिस्कवर चार थेंब शिंपडले. तव्यावर शिंपडावे तसे ते चरचरले आणि नाहीसे झाले. डिस्कवर निळसर झाक होती. कढई रिकामी तापत राहिली की येते तशी. ती एका दिवसात येत नाही.

ब्रेकच्या नळीत एक तेल असतं. पायाचा जोर तेच चाकापर्यंत नेतं. फार तापलं की ते उकळतं, त्यात बुडबुडे होतात. पाय मग तेलाला नाही, बुडबुड्यांना दाबतो. हे मी दोघांना सांगितलं. हेही सांगितलं की आजच्या डिझेल गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जात राहतं.

महादेवरावांनी वाकून निळसर डिस्ककडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे वाचवत नव्हतो मी?"

"नाही."

प्रतिभाताई एवढा वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं. "हायवेला पुढचा ट्रक अचानक थांबला, तर दुसऱ्यांदा दाबायचं हे मला कळलं असतं का?"

उत्तर त्यांनी महादेवरावांच्या चेहऱ्यावर वाचलं.

डिस्क, पॅड, तेल बदलता येतं. पण इतकी वर्षं तापलेल्या चाकात आणखी काय काय भाजलंय, याची खात्री मला देता येत नव्हती, आणि तसंच मी म्हणाले. महादेवरावांनी रुमालानं तोंड पुसलं.

"वैनी, ही गाडी मी तुमाला देत न्हाई," ते म्हणाले. मग गाडीच्या मागच्या सीटकडं बघितलं. "ह्यात मी लोकांची पोरं नेतो, मॅडम."

डिस्क निवल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, सावकाश वाईत उतरवली.

पुढचं मला ताईंनी सांगितलं. महादेवराव स्वतः कडेगावला गेले. पेढा परत घेता येत नाही, म्हणून खाली मान घालून कॉटशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. विलासरावांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. फौजेत ट्रक शिकवताना उस्तादानं पाठ करून घेतलेलं वाक्य त्यांनी जड जिभेनं सुरू केलं, "जिस गिअर में चढो..."

"उसी में उतरो," महादेवरावांनी पुरं केलं. "ठावं हुतं रं. पर तवा डिझेल सरकारचं हुतं."

ताईंसाठी मी नंतर सांगलीतली एक गाडी पसंत केली. कंपनीच्या माणसानं रोज हायवेनं पळवलेली. किलोमीटर पाचगणीच्या गाडीच्या तिप्पट. नातेवाइकांनी नाकं मुरडली, "एवढी पळालेली?" मी म्हणाले, पळालेलीच हवी. एका वेगानं लांब जाणाऱ्या गाडीचा ब्रेक, क्लच, गिअर कमी झिजतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी लांब आणि गरम पळावी लागते. गावात भाजीला नेलेल्या गाडीत तो चोंदतो. ॲव्हरेज एकोणीस मिळतं. बावीस नाही. ताई दिवेलागणीला घरी पोचतात. विलासरावांचं जेवण गरम असतं.

महादेवरावांचा मध्यंतरी फोन आला. गाडी विकली नव्हती. ब्रेकचं सगळं नवीन टाकलं होतं, आणि आता ते गिअरमध्येच घाट उतरत होते.

"ॲव्हरेज काय पडतंय?" मी विचारलं.

"तेवढंच," ते म्हणाले.

गाडी बघायला गेले की मालकाला ॲव्हरेज मी आजही विचारते. मग किल्ली त्याच्याच हातात देते आणि शेजारी बसून त्याच्या पायाकडं बघते. मालक बहुतेक वेळा खरंच बोलतो. पण त्याच्या पायाला लागलेली सवय त्यालाही माहीत नसते, आणि गाडी विकली तरी ती सवय नव्या मालकाबरोबर जात नाही.